नवा स्विच घ्यायच्या आधी: जुन्या ऑफिसातल्या मिक्स केबल नीट कशा करायच्या, टप्प्याटप्प्याने

हे लिहायचं कारण एकच, तीच चूक परत परत बघायला मिळते. ऑफिस जुनं, केबल कुणी कधी ओढल्या पत्ता नाही, नेटवर्क स्लो आहे म्हणून २४ पोर्टचा गिगाबिट स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे येऊन जुळतात तो डबा) आणतात, शनिवारी संध्याकाळी बदलतात, आणि सोमवारी सकाळी निम्म्या मशीन बंद. जुना स्विच परत लावला की सगळं चालू! मग साहजिकच वाटतं की नवा स्विचच खराब आलाय.

स्विच चांगला असतो. १० आणि १०० एमबीपीएसच्या स्पीडला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच लागतात, पिन नंबर १, २, ३ आणि ६. बाकीच्या चार तुटलेल्या असोत, उंदराने खाल्लेल्या असोत, नाहीतर कुणी दुसऱ्याच कामाला लावलेल्या असोत, जुन्या स्विचला काही फरक पडत नव्हता. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. आणि गंमत अशी की दोन्ही टोकं आपसात स्पीड ठरवतात ती बोलणी मात्र त्या १-२ आणि ३-६ वरच होतात, म्हणजे दोघं "चल, गिगाबिट" म्हणून मोकळे होतात आणि मग उरलेल्या चार तारांवर जाऊन आपटतात. मशीनमधली काही नेटवर्क कार्ड शहाणी असतात, दोन-तीनदा प्रयत्न करून १०० वर उतरतात. बाकीची लिंक येते-जाते, येते-जाते करत बसतात, दिवसभर.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. स्विच सगळ्यात शेवटी. आधी केबल आणि त्याआधी कागद.

टप्पा १: आधी नकाशा, मग हत्यारं

सामान जास्त लागत नाही: साधा लॅन टेस्टर, मल्टीमीटर, क्रिम्पिंग टूल, पंचिंग टूल, टॉर्च, मार्कर आणि वही. एक्सेल नंतर करा, शिडीवर चढून लॅपटॉप सांभाळता येत नाही.

प्रत्येक केबलची दोन्ही टोकं शोधा आणि दोन्हीकडे एकच नंबर लिहा. वहीत प्रत्येक केबलसाठी चार गोष्टी हव्यात: वरच्या कव्हरवर छापलेला मजकूर, लांबी, दोन्ही टोकांचा कलर कोड, आणि मधे काय काय आहे (आयओ बॉक्स म्हणजे भिंतीवरचं नेटवर्कचं सॉकेट, पॅच पॅनल म्हणजे रॅकमधली सॉकेटांची पट्टी, दोन प्लग जोडणारा कपलर, टेपपट्टी मारलेला जॉइंट).

कव्हरवरचा मजकूर कुणी वाचतच नाही, आणि सगळी माहिती तिथेच असते. केबलची जात कॅट ५, कॅट ५ई की कॅट ६, तारेचा गेज (जाडी) २३ की २४, जोड्या चार की दोन (हो, दोन जोड्यांची केबल पण निघते), सगळं छापलेलं असतं. बऱ्याच केबलवर मीटरचे आकडे पण असतात. एका टोकाला २१२ आणि दुसऱ्या टोकाला १७१ दिसलं तर मधे ४१ मीटर केबल आहे, टेप घेऊन फिरायची गरज नाही.

तपासा: एका केबलच्या दोन टोकांना छापलेला मजकूर वेगळा आहे का? वेगळा असला तर मधे कुठेतरी, बहुतेक फॉल्स सीलिंगमध्ये, जोड आहे. तो सापडेपर्यंत त्या रनला (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या त्या लाईनला) हात लावू नका.

सावध: कलर कोडवरून जात ओळखू नका. मी एकदा "केशरी-हिरवं बरोबर आहे, चार जोड्या आहेत" म्हणून एक अख्खा मजला पास केला होता आणि नंतर निघाली ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. तिच्याकडे पुढे येतोच.

टप्पा २: केबलचे तीन ढीग

आता वही घेऊन बसा आणि प्रत्येक रनसमोर लिहा: ठेवायची, कमी कामाला लावायची, काढायची.

ठेवायची म्हणजे कॅट ५ई आणि कॅट ६, पूर्ण तांब्याची, चार जोड्यांची. इथे एक गैरसमज काढून टाका. कॅट ५ई आणि कॅट ६ एकत्र आल्या की नेटवर्क बिघडतं असं लोक छातीठोकपणे सांगतात, तसं काही होत नाही. रॅकपासून आयओपर्यंत कॅट ६, पुढे पॅच कॉर्ड (आयओपासून मशीनपर्यंतची छोटी तयार केबल) कॅट ५ई, तर अख्खी लाईन कॅट ५ई समजायची, बस. सगळ्यात कमजोर तुकडा तुमची लायकी ठरवतो. गिगाबिट १०० मीटरपर्यंत कॅट ५ई वर आरामात चालतं, मग बिघडलं कुठे. कॅट ६ टाकून टोकांना जुने कॅट ५ई चे आयओ ठोकलेत तर पैसे वाया, एवढंच.

जुनी साधी कॅट ५ लगेच फेकू नका. गिगाबिटचं १९९९ चं स्टँडर्ड कॅट ५ डोळ्यासमोर ठेवूनच बनवलं होतं. टोकं नीट मारलेली असतील तर बऱ्याचदा चालते. टेस्ट करा आणि मग ठरवा.

कमी कामाला लावायची म्हणजे अशी केबल जिच्यातल्या चारच तारा धड आहेत आणि नवीन ओढणं शक्य नाही, उदाहरणार्थ भिंतीतून गेलीय आणि मालक भिंत फोडू देत नाहीत. तिच्यावर प्रिंटर, हजेरीचं मशीन अशी गरीब मंडळी ठेवा, १०० वर.

काढायची: टेलिफोनची तार, टेपपट्टीचे जॉइंट असलेली, आणि ॲल्युमिनियमवाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीसीए म्हणतात. बाजारात "कॅट ६" म्हणून विकली जाते, स्वस्त असते, बॉक्स उचलला की हलका लागतो. तार ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखा पांढरा रंग दिसतो. दोन-चारदा वाकवली की तुटते.

तपासा: दोन्ही टोकं आधी स्विचमधून आणि मशीनमधून काढा. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना चिकटवा आणि जवळच्या टोकाला मल्टीमीटरने त्याच दोन तारांचा रेझिस्टन्स मोजा. मीटरचे प्रोब एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करायला विसरू नका. पूर्ण तांब्याच्या २४ गेजला १०० मीटरमागे १७ ते १९ ओहम यायला हवेत, २३ गेजला १४ च्या आसपास. म्हणजे ४० मीटरच्या कॅट ५ई रनला साधारण ७. तिथे ११-१२ आले तर ॲल्युमिनियम आहे किंवा मधे सडका जॉइंट आहे. या एका टेस्टने दुकानदाराशी वाद पण मिटतो, नव्या बॉक्समधली केबल कापायच्या आधीच अख्ख्या ३०५ मीटरवर मोजून घ्या.

टप्पा ३: जोड शोधा, बहुतेक पाप तिथेच असतं

हा टप्पा घाईत उरकू नका. एकाच जातीची केबल असली तरी जोड चुकला की लाईन गेली, आणि दोन जातीच्या असल्या तर चुकायला आणखी वाव. जे नेहमी सापडतं ते सांगतो.

पहिलं, एका केबलवर दोन मशीन. जुन्या काळी केबल वाचवायला हे सर्रास करायचे, १-२-३-६ एका काउंटरला, ४-५-७-८ दुसऱ्याला, दोन्ही टोकांना दोन-दोन प्लग. एका पतसंस्थेत मी हेच न बघता स्विच बदलला होता. सोमवारी गर्दीच्या वेळी काउंटर बंद, मॅनेजरसाहेब समोर उभे, आणि मी खुर्चीखाली घुसून केबल मोजतोय. अशा ठिकाणी दुसरी केबल ओढा, नाहीतर तिथे एक छोटा स्विच ठेवून आठही तारा एकालाच द्या. गिगाबिट हवं तर तिसरा मार्ग नाही.

दुसरं, जोडीजोडीने मारलेला प्लग, आणि हा सगळ्यात फसवा. कुणीतरी केशरी जोडी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८ अशी सरळ लावून टाकलेली असते, दोन्ही टोकांना सारखीच. लॅन टेस्टरचे आठही दिवे क्रमाने पेटतात, टेस्टर म्हणतो ओके. पण पिन ३ आणि ६ वर एकच पीळ दिलेली जोडी असायला हवी आणि इथे एक तार हिरव्या जोडीतली, दुसरी निळ्यातली. पिळाचा उपयोगच संपला, एका जोडीचा आवाज दुसरीत. १० वर चालतं, १०० वर छोट्या अंतरात चालल्यासारखं वाटतं, मोठी फाईल कॉपी करायला घेतली की मान टाकतं. स्वस्त टेस्टरला हे दिसत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं: प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून ४ आणि ५ वर निळी जोडी दिसायलाच हवी.

तिसरं, ए आणि बी कलर कोडची (प्लगमध्ये तारा लावायच्या दोन ठरलेल्या क्रमांची) सरमिसळ. एका टोकाला ए, दुसऱ्याला बी, म्हणजे झाली क्रॉस केबल. आजचे स्विच हे आपोआप सांभाळून घेतात म्हणून लक्षात येत नाही, पण कोपऱ्यात जुना हब किंवा साधा १०/१०० स्विच असला की तिथे लिंकच येत नाही. आणि आयओ बॉक्सवर ए-बी दोन्हीच्या रंगपट्ट्या शेजारी शेजारी असतात, तिथे घोटाळा होतो.

चौथं, चुकीचा प्लग. भिंतीतली केबल अखंड तारेची असते, पॅच कॉर्डची तार बारीक तारांची, मऊ. दोन्हींच्या प्लगचे आतले दात वेगळे. अखंड तारेवर दुसऱ्या जातीचा प्लग मारला तर आज पकडतो आणि सहा महिन्यांनी सैल होतो, कुणी टेबल सरकवलं की नेट बंद. तसंच कॅट ६ ची तार जाड असते, ती कॅट ५ई च्या प्लगमध्ये जबरदस्तीने कोंबली तर एखादी तार शेवटपर्यंत पोचतच नाही. मुळात भिंतीतल्या केबलला प्लग मारायचाच कशाला, आयओवर पंच करा (पंचिंग टूलने तारा खाचेत दाबून बसवा) आणि पुढे तयार पॅच कॉर्ड लावा.

सावध: पीळ उलगडून टेपपट्टीने जोडलेली केबल टेस्टरवर पास झाली तरी नापास समजा.

टप्पा ४: टोकं नव्याने मारा, या क्रमाने

१. आधी ठरवा, अख्ख्या ऑफिसात बी. रॅकच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, पुढच्या माणसासाठी.

२. रॅककडून सुरुवात करा, पॅच पॅनल आधी. एक केबल, दोन्ही टोकं, टेस्ट, वहीत टिक, मग पुढची. सगळी टोकं कापून ठेवून मग पंचिंगला बसलात तर नंबरांचा गोंधळ होणारच, आणि निस्तरायला रात्र जाणार.

३. जुनं टोक ५-७ सेंटीमीटर कापूनच टाका, विशेषतः जिथे ओल आहे तिथे. कोकणात, पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीपाशी तांबं हिरवं पडलेलं असतं.

४. बी चा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ जास्तीत जास्त १३ मिलिमीटर उलगडा. कॅट ६ मधला प्लास्टिकचा अधिकचिन्हासारखा दांडा कापताना तारेला ब्लेड लावू नका.

५. बाहेरचं कव्हर प्लगच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. नुसत्या तारांवर लोंबकळणारा प्लग म्हणजे पुढच्या महिन्यातला फोन कॉल.

६. अंतर: भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १०, एकूण १००. मधे कपलर घालून ११५ चालतंय असं कुणी सांगितलं तर चालू दे त्याचं, आपण करू नये.

तपासा: केबल लाईटच्या वायरीबरोबर एकाच केसिंग पट्टीत आहे का? असली तर वेगळी काढा. टोकं कितीही सुंदर मारली तरी ही चूक झाकली जात नाही, आणि हा शॉकचाही मामला आहे.

टप्पा ५: स्पीडची सेटिंग, जुनी घाण साफ करा

एके काळी कार्ड आणि स्विचचं आपसात जमत नव्हतं म्हणून कुणीतरी मशीनवर "१०० फुल डुप्लेक्स" हाताने टाकून ठेवलेलं असतं (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने). तो माणूस नोकरी सोडून गेला, सेटिंग तिथेच. आता समोरचा स्विच ऑटोवर असला की त्याला समोरून उत्तर मिळत नाही, तो स्पीड १०० ओळखतो पण डुप्लेक्स हाफ धरतो. एक बाजू फुल, एक हाफ. पिंग एकदम मस्त येतो, आणि अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट काढला की रडारड. लोक केबल बदलतात, कार्ड बदलतात, शेवटी विंडोज पण नव्याने टाकतात.

सगळीकडे ऑटो करा. गिगाबिट तांब्यावर तर ऑटो लागतंच, तो हट्टाचा विषय नाही. टप्पा २ मधल्या "कमी कामाच्या" केबलसाठी मॅनेज्ड स्विच (ज्याच्या पोर्टची सेटिंग बदलता येते तो) असेल तर ऑटो चालू ठेवूनच त्या पोर्टला फक्त १०० जाहीर करायला सांगा. साधा स्विच असेल तर जुगाड सांगतो: जुना ८ पोर्टचा १०/१०० स्विच रॅकमध्येच ठेवा, असल्या केबल त्याच्यात लावा, आणि त्याची एक कॉर्ड नव्या स्विचला. लिंकचं येणं-जाणं बंद.

टप्पा ६: केबलमधून वीज देताय तर थांबा

कॅमेरे आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट आले की पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, आलं. साध्या पीओईत पोर्टवर १५.४ वॉट निघतात आणि १०० मीटरनंतर १२.९५ मिळतील असा हिशोब धरलेला असतो, तोही तांब्यावर. ॲल्युमिनियमच्या केबलवर व्होल्टेज मधेच पडतं. ओळखायची खूण: कॅमेरा दिवसा ठणठणीत, रात्री परत परत रिस्टार्ट. कारण रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. लोक कॅमेरा बदलून आणतात, नवाही तेच करतो.

सावध: एका केबलवर दोन मशीनवाला प्रकार जिथे आहे तिथे २४ किंवा ४८ व्होल्टचा स्वस्तातला इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) अजिबात लावू नका. तो न विचारता ४-५ आणि ७-८ वर वीज सोडतो, आणि तिथे दुसऱ्या कुणाचं तरी मशीन बसलेलं असतं. पोर्ट जळू शकतो. स्टँडर्डवाला पीओई स्विच आधी समोर कोण आहे ते तपासतो, तरी त्याच्या भरवशावर पण राहू नका.

टप्पा ७: शील्ड, दोन इमारती आणि फायबर

फॉईलवाली शील्डेड केबल आणि साधी केबल जोडली की शील्ड मधेच लोंबकळत राहते, ती अर्थिंगला जोडलीच जात नाही. त्यापेक्षा शील्ड नसलेली केबल परवडली. एकतर केबल, आयओ, पॅनल सगळं शील्डेड घ्या आणि रॅकला नीट अर्थिंग द्या, नाहीतर त्या नादी लागू नका. फॅक्टरीत मोठ्या मोटरी नसतील तर साधी पुरते.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल, तर ती जात कुठलीही असो, काढा. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी असते आणि वळवाच्या पावसात एक वीज पडली की दोन्हीकडचे स्विच जातात. तिथे फायबर.

फायबरमध्ये पण मिक्सिंगच्या चुका आहेतच. जुन्या कॉलेजात, कारखान्यात मल्टीमोड (जाड गाभ्याची, कमी अंतराची) असते, ६२.५ मायक्रॉनची किंवा ५० ची, आणि दोन्हींचं कव्हर केशरी! रंग बघून जोडू नका, छापलेलं वाचा. ६२.५ मधून ५० मध्ये जाताना बराच प्रकाश वाया जातो, उलट दिशेला फारसा नाही, त्यामुळे एका बाजूची लिंक चालू आणि दुसरीची बंद असा भुताटकीचा प्रकार दिसतो. पिवळी म्हणजे सिंगलमोड, कोअर (गाभा) ९ मायक्रॉनच्या आसपास, स्विचमध्ये बसणारा तिचा मॉड्यूल वेगळा, मल्टीमोडशी सरळ जोडायची नाही. आणि हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात खुपसू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, दोन्हींची टोकं खराब होतात.

क्वचित कुठे जुनी को-अॅक्सवाली लाईन अजून निघते, टी कनेक्टर आणि टर्मिनेटरवाली. तिला ५० ओहमची केबल लागते. डीव्हीआरची किंवा डिशची केबल ७५ ओहमची, दिसायला तशीच, तोच बीएनसी कनेक्टर पण बसतो, आणि तुटलेला तुकडा कुणीतरी नेमका तिनेच जोडलेला असतो. शक्य असेल तर ती लाईनच काढा.

टप्पा ८: लोड टाकून टेस्ट, मग स्विच

दिवा हिरवा आला म्हणजे झालं, असं नाही. उधारीवर एखादा गिगाबिट स्विच आणा आणि प्रत्येक रनवर लॅपटॉप लावून तीन गोष्टी बघा. अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये १ जीबीपीएस दिसतं का. आयपर्फ (स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) दोन्ही दिशांना पाच मिनिटं चालवून ९०० च्या वर एमबीपीएस राहतं का. आणि ते चालू असताना आयओपाशी कॉर्ड हलवली, टेबल ढकललं तर लिंक पडते का. ही तिसरी टेस्ट कुठल्याच मशीनमध्ये नसते आणि सगळ्यात जास्त चोर हीच पकडते.

एका दिशेला ९४० आणि दुसरीला २००-३०० असं आलं तर आधी लॅपटॉप बदलून बघा. तरी तसंच असेल तर टप्पा ३ ला परत जा, एखादी जोडी चुकलेली आहे.

आता वहीत बघा किती रन गिगाबिटला पास झालेत, किती १०० वर राहणार, किती पोर्टना पीओई लागणार. तेवढ्या हिशोबाने स्विच घ्या. जुना स्विच भंगारात देऊ नका, भिंतीतल्या त्या दोन-तीन हट्टी केबल त्याच्यावरच राहणार आहेत.